बोटीत कोण कुठे बसणार? गंगापूरच्या पाण्यावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सुट्टी लागली की नाशिककरांच्या घरी पाहुणे येतात. पंचवटी, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर झालं की गाडी गंगापूर धरणाकडे वळते. पाणी शांत असतं, मागे अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग दिसते, मुलं बोटीसाठी हट्ट धरतात आणि धक्क्यावर कुणीतरी म्हणतंच, "अजून दोघं मावतील की!"

मावतील, पण जागा शिल्लक आहे यावरून बोट किती भार पेलेल हे कळत नाही. एकूण वजन किती, ते किती उंचीवर आहे आणि कोणत्या बाजूला आहे, या तीन गोष्टींवर बोट सरळ राहते किंवा कलंडते. पहिल्यांदा बोटीत बसणाऱ्यालाही या तिन्ही गोष्टी तपासता येतात, आणि त्यासाठी पोहता यायची गरज नाही.

घरूनच वजनाची बेरीज करून निघा

बोटीवर साधारणपणे दोन आकडे लिहिलेले असतात: माणसं किती आणि किलो किती. आपण पहिला वाचतो आणि दुसरा सोडून देतो. समजा पाटीवर '५ जण / ३०० किलो' असं आहे. घरचे पाच जण निघाले. बाबा ८६, आई ६८, आजी ६१, कॉलेजमधला मुलगा ७२ आणि धाकटी ३० किलोची. बेरीज ३१७. वर डबे, पाण्याच्या बाटल्या, कॅमेऱ्याची बॅग धरा १० किलो. झाले ३२७. माणसं पाचच आहेत, तरी बोट भाराच्या मर्यादेपलीकडे गेली. दोन्हींपैकी जी मर्यादा आधी संपते तीच खरी. इंजिनाची बोट असेल तर इंजिन आणि पेट्रोल त्या किलोंमध्ये धरलेलं आहे का, हेही विचारा. बोट चालवणाऱ्या दादांचं वजन बहुतेक जण विसरतात, तेही मोजा.

डोकी मोजून भागत नाही, याची किंमत जगाने मोजलेली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर २ ऑक्टोबर २००५ रोजी 'ईथन ॲलन' ही सहलीची बोट उलटली. बोटीत ४७ प्रवासी होते, बहुतेक सगळे वयस्कर. त्यांतले २० जण दगावले. बोटीला परवानगी ४८ प्रवाशांची होती, म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं. चौकशीत कळलं की तो आकडा माणशी १४० पौंड, म्हणजे सुमारे ६४ किलो, धरून काढला होता आणि प्रत्यक्षातले प्रवासी त्याहून बरेच जड होते. शिवाय बोटीवर पुढे कधीतरी लाकडी छत चढवलं होतं. वजन वाढलं आणि तेही वरच्या बाजूला. स्थिरता नव्याने तपासली असती तर त्या बोटीत १४ जणांनाच बसता आलं असतं, असं तपास यंत्रणेने म्हटलं. अमेरिकन तटरक्षक दलाने २०११ च्या डिसेंबरपासून प्रवासी बोटींसाठी माणशी सरासरी १८५ पौंड, म्हणजे जवळपास ८४ किलो, धरायला सुरुवात केली. युरोपातल्या लहान बोटींच्या मानकात प्रौढ माणूस ७५ किलोचा धरतात.

म्हणून माझा आग्रह असतो की जुन्या पाटीवरचा माणसांचा आकडा ही वरची हद्द समजा आणि गटात धिप्पाड माणसं असतील तर त्यातून एक-दोन कमी करा. दोन फेऱ्या झाल्या तर तिकिटाचे काही पैसे जास्त जातील, एवढंच.

धक्क्यावर पोचल्यावर: बोट पाण्यात किती बुडाली आहे ते बघा

पाण्याची पातळी आणि बोटीचा काठ यांच्यामधलं उभं अंतर, हा सगळ्यात कामाचा आकडा. हे अंतर काठाच्या सगळ्यात खालच्या जागी मोजायचं. पुढचं टोक उंच असतं, ते बघून फसू नका. इंजिन लावायला मागची फळी कापलेली असते, पाणी बहुधा तिथूनच आत येतं.

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी एक किलो. बोट पाण्याला जिथे टेकते तिथलं तिचं क्षेत्रफळ चार चौरस मीटर असेल, तर ती एक सेंटिमीटर खाली जायला ४० किलो लागतात. म्हणजे ८० किलोचा एक माणूस चढला की काठ दोन सेंटिमीटर खाली. जास्तीचे चौघे चढले तर आठ सेंटिमीटर गेले. चार बोटांपेक्षा जास्त. स्पीडबोट शेजारून गेली की लाट उठते, आणि आधी जी लाट बाहेर फुटत होती ती आता आत येते.

सगळे बसल्यावर आणि बोट सुटायच्या आधी, सगळ्यात खालच्या काठाशी हात लावून बघा. वल्ह्यांच्या लहान होडीत पाण्यापासून काठापर्यंत वीतभर आणि वर चार बोटं एवढी जागा राहिली तर ठीक. वीतभरच उरली असेल तर मी उतरते आणि सोबतच्यांनाही उतरवते. कुणी हसलं तरी चालेल.

आणखी एक तपासणी जुनी नावाडी मंडळी करतात, तीही शिकून घ्या. बोट धक्क्याला बांधलेली असताना काठावर हलका दाब देऊन सोडायचा. बोट झटकन परत सरळ झाली तर तिच्यात दम आहे. सावकाश, रेंगाळत, जणू विचार करत परत आली, तर वजन फार वर गेलं आहे असं समजा. सावकाश डोलणारी बोट नवख्याला आरामशीर वाटते, तीच जास्त धोक्याची.

तळाला साचलेलं पाणी आधी उपसून घ्यायला सांगा. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळावर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास १८७ किलो. दोन माणसांहून जास्त वजन झालं, आणि ही माणसं जागेवर बसत नाहीत. परातीत पाणी घेऊन चाललं की ते जसं झुकत्या बाजूला धावतं, तसंच हे धावतं आणि झुकलेल्या बोटीला आणखी झुकवतं. डबा किंवा तांब्या बोटीत असला पाहिजे. नसेल तर घरचा रिकामा पाच लिटरचा कॅन तोंडाकडून कापून न्या.

लाइफ जॅकेट

घालायचं ते धक्क्यावर, चढण्याआधी, आणि बक्कल लावून. सीटखाली ठेवलेलं जॅकेट उलटलेल्या बोटीत सापडत नाही. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. हे दोन्ही धक्क्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही मोठ्या माणसाला डोळ्यांनी दिसलं असतं.

जॅकेट बसलं की नाही हे बघायचं तर ते खांद्यांपाशी धरून वर ओढा. हनुवटी-कानांपर्यंत वर सरकलं तर ते सैल आहे. लहान मुलांसाठी लहान मापाचंच हवं आणि त्याला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवा. मोठ्यांचं जॅकेट घातलेलं मूल पाण्यात पडलं की खालून निसटतं आणि जॅकेट एकटंच तरंगतं. मुलाच्या मापाचं नाही म्हणाले तर मुलाला बोटीत नेऊ नका. यात तडजोड नाही.

आजींना साडीवर जॅकेट घालताना पदर आत खोचून घ्या. बक्कल पदरावर लावलं तर नीट आवळत नाही.

चढताना

बोट किती डळमळते हे पहिलं पाऊल टाकताना कळतं आणि बरेच अपघात इथेच, दोन फूट पाण्यात होतात. एका वेळी एकच जण. हात मोकळे ठेवायचे. बॅग, मोबाईल, बाळ, सगळं दुसऱ्याकडे द्यायचं आणि नंतर घ्यायचं. पाऊल तळाच्या मधोमध टाकायचं, काठावर नाही, सीटवरही नाही. गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून चढायचं. एक पाय धक्क्यावर आणि एक बोटीत, असं रेंगाळायचं नाही, कारण तेवढ्यात बोट सरकते. धक्का आणि बोट यांच्या फटीत हात-पाय तर कधीच नाही.

आधी जड माणसं मधे बसवा, मग हलकी. शेवटी मुलं. उतरताना उलटा क्रम, आणि बोट लागली की सगळ्यांनी एकदम धक्क्याच्या बाजूला उठायचं नाही. परतीच्या घाईत हमखास हेच होतं.

"काका, तुम्ही मधल्या फळीवर या," असं नावाड्याने म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्याला तुमच्या पोटाशी देणंघेणं नाही. तो बोट तोलतोय.

बसताना: डावं-उजवं, पुढे-मागे, वर-खाली

डावी-उजवी बाजू सगळ्यांना कळते. तरी जोडपी शेजारी आणि मित्र एका बाजूला बसतात आणि बोट पहिल्यापासूनच कललेली निघते. पॅडल बोटीत पुढचे दोघे साधारण सारख्या वजनाचे हवेत. मागे बसणाऱ्यांतला जड माणूस पुढच्या हलक्याच्या मागे बसवा.

पुढे-मागेचं गणित जरा वेगळं आहे. पुढे वजन जास्त झालं की नाक पाण्यात घुसतं आणि बोट वळायला ऐकत नाही. मागे जास्त झालं की इंजिनाची कापलेली फळी पाण्याला टेकते. इंजिन मागे, चालवणारा मागे, म्हणून प्रवासी मध्यापासून पुढच्या बाजूला. वेगात आलेली बोट एकदम थांबवली की तिच्याच मागून येणारी लाट त्या फळीवरून आत येते. म्हणून वेग हळूहळू कमी करायला सांगा.

वर-खालीकडे मात्र नवखे लक्षच देत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य बेंबीच्या आसपास असतो, म्हणजे पायांपासून नव्वद-पंच्याण्णव सेंटिमीटरवर. तोच माणूस सखल फळीवर बसला की हा मध्य पन्नास-पंचावन्नवर येतो आणि तळाशी मांडी घातली की वीस-पंचवीसवर. बोट एका बाजूला झुकते तेव्हा त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाणी तिथे जास्त जोराने वर ढकलतं आणि बोटीला सरळ करतं. हे होतं ते वजन खाली असेल तोवर. वजन उंचावर असलं की झुकल्यावर त्याचा भार पाण्याच्या या आधाराच्या बाहेर पडतो, आणि मग तेच वजन बोट उलटवायला लागतं. सरळ होणं आणि उलटणं यांच्यात उभ्या राहिलेल्या दोन माणसांचा फरक असू शकतो.

रुंदीचं महत्त्व याच कारणाने फार आहे. लांबी तेवढीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर आकारामुळे मिळणारी स्थिरता सुमारे आठपट होते. उलट टोकाला शर्यतीच्या रोइंगची बोट. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्स प्रकारात उतरले होते. ती बोट आठ मीटरच्या आसपास लांब आणि माणूस कसाबसा बसेल इतकी अरुंद असते. पाण्यावर टेकवलेली दोन वल्ही हाच तिचा तोल. वल्ही सोडली की उलटली. कयाकही त्याच घराण्यातली, फक्त थोडी रुंद. पहिल्यांदा जाणाऱ्याने रुंद, सपाट तळाची बोट निवडावी.

चालू बोटीत जागा सोडू नका

केरळात थेक्कडीला ३० सप्टेंबर २००९ रोजी 'जलकन्यका' ही दुमजली सहलीची बोट उलटली आणि ४५ जण गेले. काठावर जंगली जनावरं दिसली म्हणून प्रवासी उठून एका बाजूला गेले होते. गंगापूरवर हत्ती नाहीत, पण सूर्यास्त आहे. संध्याकाळी डोंगरांमागे सूर्य टेकला की सगळे मोबाईल एकदम पश्चिमेकडे वळतात आणि माणसंही उठतात. फोटो काढायचा तर बसून काढा, आणि चालवणाऱ्याला बोट फिरवायला सांगा. बोट फिरली की प्रत्येकाला आपल्या जागेवरून सूर्य दिसतो. थव्याने पक्षी उडाले तरी हेच.

शेजारून स्पीडबोट गेली तर तिची लाट बाजूने अंगावर घेऊ नका. वेग कमी करून नाक लाटेकडे थोडं तिरकं ठेवायचं. सगळ्यांनी सीट धरायची, काठ नाही. वेगात झोकदार वळण घ्यायला चालवणाऱ्याला कुणी उकसवू नका. वळणात माणसं बाहेरच्या बाजूला सरकतात आणि वजन तिकडे जातं.

वायनरीची टेस्टिंग आणि बोटिंग एकाच दुपारी ठेवणारे पुष्कळ भेटतात. आधी बोट, मग वाइन. दारूने तोल जातो, आणि बोटीत एकाचा तोल गेला की तो सगळ्यांचा जातो.

वारा आणि धरण

सकाळचं पाणी आरशासारखं असतं. दुपारनंतर, विशेषतः उन्हाळ्यात, पश्चिमेकडून वारा सुटतो आणि मोकळ्या पाण्यावर जितका लांब धावतो तितक्या लाटा वाढतात. धक्क्याजवळ पाणी शांत आहे म्हणून मधे शांत असेल असं नाही. एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग जमले, गार वाऱ्याची झुळूक आली की लगेच काठाला यायचं, पावसाची वाट बघायची नाही. उजनीच्या पाण्यावर कुगाव-कळाशीदरम्यान २१ मे २०२४ रोजी सोसाट्याच्या वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. त्या बोटीत मोजकीच माणसं होती. भरलेल्या बोटीला असा वारा गाठला तर सावरायला वेळच मिळत नाही.

गंगापूर हे मातीचं धरण १९६५ च्या सुमाराचं, आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार. भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि पाणी उचलण्याच्या जागेजवळ बोट नेऊ नका. भिंतीच्या दगडी अस्तरावर आपटून लाटा परत येतात आणि पाणी उगाच खवळतं. उन्हाळ्यात पातळी उतरली की एरवी पाण्याखाली असलेले दगड आणि झाडांचे बुंधे वर येतात. बोट त्यावर अडकली तर सगळ्यांनी एका बाजूला जाऊन ती रेटायची नाही. बसून राहायचं आणि वल्ह्याने मागे ढकलायचं.

स्वतःची बोट घेतली असेल तर

हल्ली हवेची बोट ऑनलाइन मागवून थेट बॅकवॉटरला नेणारे वाढले आहेत. त्याआधी स्थानिक परवानगी लागते का ते विचारून घ्या. ही बोट एका कप्प्याची असेल तर धरणावर नेऊ नका. निदान दोन-तीन वेगळे कप्पे हवेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगवतील. उन्हात टम्म फुगवलेली बोट गार पाण्यात सोडली की हवा आकसते आणि ती मऊ पडते. पाण्यात सोडून दहा मिनिटांनी पुन्हा दाबून बघा आणि हवा भरा. मऊ बोट मधे वाकते आणि वजन सगळं खड्ड्यात जमा होतं.

जुनी फायबरची किंवा लाकडी होडी असेल आणि तिच्यावर पाटीच नसेल, तर वीस फुटांपेक्षा लहान बोटींसाठी अमेरिकन तटरक्षक दलाचा एक ढोबळ नियम आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद होडीसाठी ७० भागिले १५, म्हणजे चार आणि वर थोडं. चारच धरा. हा आकडा शांत पाण्यासाठी आहे, आणि पॅडल बोट किंवा जुळ्या पिंपांवरच्या तराफ्याला तो लागू नाही.

उलटलीच तर

उलटलेली बोट बहुधा तरंगत राहते. तिला धरून राहा. काठ डोळ्यांना जवळ वाटतो, पण कपडे भिजल्यावर तो दूर जातो. आधी मोठ्याने नावं घेऊन सगळे आहेत का ते मोजा. बोटीखाली कुणी अडकलं आहे का बघा, आतल्या हवेच्या पोकळीत माणूस असू शकतो. मुलांना बोटीच्या पाठीवर चढवा. दुसरी बोट आली की एकेकाने आणि मागच्या बाजूने चढायचं, इंजिन बंद झाल्यावरच. सगळे एका काठाला लोंबकळले तर तीही उलटेल.

काठावरून बघणाऱ्यांनी उडी टाकू नये. ११२ ला फोन लावा. दोर, बांबू, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाती येईल ते टाका, आणि टाकताना स्वतः जमिनीवर आडवे पडा म्हणजे बुडणारा तुम्हाला ओढून नेणार नाही. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला सुरुवात करा. ज्याच्या नाकातोंडात पाणी गेलं आहे तो उठून बोलायला लागला तरी त्याला दवाखान्यात न्याच. त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, म्हणून डॉक्टर सोडतील तोवर त्याला तिथेच राहू द्या.